बदामाचा थर्मास

माझा धाकटा भाऊ आजारी पडला तेव्हा मी नेहमीप्रमाणे कामं वाटून टाकली. जेवणाचं आईनं बघायचं, औषधं आणि एक्स-रे माझ्या नवऱ्याकडे, गाडीची सोय तालमीतल्या मुलांकडे आणि डॉक्टरांशी बोलायचं ते मी. सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. काय कुठे आहे, काय संपत आलंय, कुणाला काय द्यायचंय, हे मांडून घेतल्याशिवाय मला काही सुचत नाही.

स्वाइन फ्लूचं ते साल. श्रावण चालू होता. मेडिकलमधले मास्क संपले होते. बसमध्ये लोक नाकाला रुमाल बांधून बसत आणि ज्याच्या त्याच्या खिशात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी असे. भाऊ या पुरचुंड्यांना हसायचा. तो सातपूरलाच दुसऱ्या कारखान्यात फिटर होता. शिफ्ट सुटली की घरी न येता थेट तालमीत जायचा. दिवाळीनंतर त्याचं लग्न करायचं, असं आईनं मनाशी ठरवलं होतं. मुली बघणं चालू होतं.

त्याचं हे पैलवानी अंग आईनं कमावलेलं होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, तो शाळेत असताना, त्याला बारा महिने खोकला असायचा. वडील नुकतेच गेले होते. जवळच्या तालमीतल्या वस्तादांनी आईला सांगितलं, पोराला माझ्याकडे पाठवा, पण खुराक तुम्ही सांभाळा. तेव्हापासून आई रोज बदाम भिजत घालायची, सकाळी साली काढून पाट्यावर वाटायची आणि दुधात उकळून थर्मासमध्ये भरायची. आम्ही दोघी बिनदुधाचा चहा प्यायलो, पण तो थर्मास कधी रिकामा गेला नाही. त्याचा खोकला गेला, दंड भरले, आणि आईला वाटलं की आता याला काही होणार नाही. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं.

म्हणून ताप आला तेव्हा आम्ही घरीच थांबलो. तालमीची रीतच होती: अंगात ताप शिरला तर खुराक वाढवायचा आणि पांघरुणं घालून घाम काढायचा. वस्ताद येऊन बघून गेले, असल्या अंगात ताप टिकत नाही म्हणाले. भाऊ थर्मास संपवायचा आणि मला चिडवायचा, "ताई, तुझ्या स्टोअरमध्ये ताप ठेवायला जागा आहे का बघ, आमच्याकडे माल शिल्लक राहत नाही." मग एका सकाळी जिना चढून वर आला आणि त्याला वाक्य पुरं करता येईना. ओठ निळसर दिसत होते. मी रिक्षा बोलावली.

दवाखान्यात एक वेगळा वॉर्ड केला होता. घशातला नमुना पुण्याला गेला, पण औषध लगेच सुरू झालं. सुरुवातीला तो मास्कमधून ऑक्सिजन घेत बसलेला असायचा, आणि नर्सची परवानगी काढून मी थर्मासातलं थोडं दूध त्याला द्यायचे. शेजारच्या खाटेवर देवळ्याकडचे एक म्हातारे होते, कांद्याच्या खळ्यावर राखणीचं काम करणारे. बिडीनं खंगलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात असे. त्यांनाही तोच ताप. त्यांची बायको माझ्या भावाकडे कौतुकानं बघायची आणि म्हणायची, "आमच्या याच्यात काय ठिवलंय, ताई? तापबी कटाळून निघून जाईल. तुमचा गडी बघा, कसा पहाडावानी हाय."

मग भावाला व्हेंटिलेटरवर घेतलं. आयसीयूच्या दारातून थर्मास आत जाणं बंद झालं. त्याच्या नळीतून काय द्यायचं ते तिथलेच लोक ठरवत. मी आईला हे नीट समजावलं. तरी ती सकाळी थर्मास भरून माझ्या हातात ठेवायची. मी नर्सला विचारलं आणि ते दूध देवळ्याच्या म्हाताऱ्यांना द्यायला लागले. आईला त्याच दिवशी तसं सांगितलंही. ती म्हणाली, बरं केलंस, वाया जायला नको.

डॉक्टर तरुण होते, झोप न झालेले. त्यांनी मला एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवला. जिथे काळं दिसायला हवं तिथे पांढरं होतं, दोन्हीकडे, खालपासून वरपर्यंत.

"फ्लूचं औषध लागू पडत नाही का?" मी विचारलं.

"व्हायरसचा जोर आता ओसरलाय, ताई," ते म्हणाले. "आता जे चाललंय ते त्याच्याच शरीराचं आहे. त्याची प्रतिकारशक्ती थांबायलाच तयार नाही. जंतूंसाठी सोडलेलं सगळं त्याच्याच फुप्फुसावर पडतंय, आणि तिथे पाणी भरतंय."

या प्रतिकारशक्तीला आवर घालायचं औषध नाही का, असं मी विचारलं. औषध आहे, दिलंही आहे, पण जास्त दिलं तर दुसऱ्या जंतूंना दार उघडं मिळतं, असं ते म्हणाले. मग मी खुराकाचं विचारलं. त्यांनी मान हलवली. खुराकानं हे झालेलं नाही आणि खुराकानं हे थांबणारही नाही. पण या साथीत धडधाकट तरुण माणसंही अशी जाताना ते बघत होते, आणि कुणाचं अंग असं वागेल ते आधी सांगता येत नव्हतं.

मला ते लगेच कळलं, कारण मी ते एकदा पाहिलेलं होतं. मी कारखान्यात नवी असताना आमच्या स्टोअरला आग लागली. आग एका कपाटात होती, थिनरचे डबे होते तिथे. बंब आला, पाण्याचे फवारे सुरू झाले, आणि कपाट विझल्यावरही कुणी पाणी बंद करेना. आगीनं एक कपाट गेलं. बाकीचं सगळं, बेअरिंगं, मोटारी, पुठ्ठ्याची खोकी, पाण्यानं गेलं. पुढे कितीतरी दिवस मी चिखलातून वस्तू वेचत बसले होते. पण तिथे निदान वेचायला काहीतरी होतं. इथे डॉक्टरांनी मला घरी जायला सांगितलं. औषधं आणून झाली होती, रक्त देऊन झालं होतं, पाळ्या लावून झाल्या होत्या. करण्यासारखं एकही काम माझ्याकडे उरलं नव्हतं. आयुष्यात असं मला पहिल्यांदाच झालं.

देवळ्याचे म्हातारे बरे झाले. बायकोचा हात धरून, सावकाश, पण स्वतःच्या पायांनी गेले. जाताना ती बाई बाहेर बाकावर बसलेल्या आईला भेटायला थांबली, तिच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "तुमच्या दुधानं उठला वो माय हा." ते चांगल्या मनानं म्हटलेलं होतं. आई थर्मास मांडीवर घेऊन बसून राहिली.

त्याच दिवशी दुपारी भाऊ गेला. आईला त्याच्याजवळ नेलं नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला तो लांबूनच दाखवला. तालमीतली मुलं फाटकाबाहेर उभी होती. नेहमी खांद्याला खांदा लावून उभी राहणारी मुलं त्या दिवशी एकमेकांपासून अंतर ठेवून उभी होती.

दिवस झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, मी स्वयंपाकघर आवरत होते. आई पाट्यापाशी बसली होती. तिनं न रडता विचारलं, "त्याला शेवटी किती दिवस पोचलं नाही गं?"

मी म्हटलं, नळीतून त्याला सगळं मिळत होतं.

"आपलं नाही ना मिळालं. ज्याच्या पोटात गेलं तो उठला, बघ."

मला सगळं ठाऊक होतं. कपाट, बंब, पाणी, सगळं सांगता आलं असतं. म्हातारा दुधानं उठला नाही, हे सांगता आलं असतं. पण त्यापुढे हेही सांगावं लागलं असतं, की तुझ्या पोराला त्याच्याच अंगानं नेलं, जे अंग तू एवढ्या वर्षांत उभं केलंस. दूध पोचलं नाही, एवढं तरी तिच्या हातात होतं. ते काढून घेऊन तिला मी दुसरं काय देणार होते? मी पाटा धुऊन भिंतीला उभा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो परत आडवा होता. आता कॉलनीत कुणाला साधा ताप आला असं कानावर आलं, तरी आई बदाम भिजत घालते. थर्मास पोचवायचं काम माझ्याकडे आहे. लोक संकोचानं घेतात. काहीजण माझ्यादेखत पितात, काहीजण बहुधा ओतून देतात. मी परत येते तेव्हा आई दारातच उभी असते.

"पोचला?" ती विचारते.

"पोचला," मी म्हणते, आणि थर्मास उपडा करून तिला दाखवते.