साळवे मार्था, साळवे रोझी

चर्चला कुलूप लागलं की किस्सेही बंद होतील, असं मला वाटलं होतं. झालं उलटंच! एरवी माणसं यायची आणि आपापले किस्से बरोबर घेऊन घरी जायची. माणसं यायची थांबली तसे सगळे किस्से माझ्याकडे साठायला लागले, कारण किल्ली माझ्याकडे होती आणि फोन नंबरही माझाच होता.

मी पीटर. शाळेत सत्तावीस वर्षं क्लार्क होतो. रिटायर झाल्यापासून नाशिकच्या आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या धर्मग्रामात, वेदीची तयारी करतो. मेणबत्त्या, फुलं, घंटा, फादरांचे झगे, सगळं माझ्याकडे. पगार नाही, त्यामुळे कोणी काढूनही टाकत नाही.

तर ऐका.

*

लॉकडाऊन लागला आणि फादर मोबाईलवरून मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, करायला लागले. चर्चमध्ये आम्ही दोघंच. ते "प्रभू तुम्हांबरोबर असो" म्हणायचे आणि तीनशे माणसांचं उत्तर मी एकटा द्यायचो.

फादर मूळचे वसईचे, तरुण, मनाला लावून घेणारे. रिकाम्या बाकांकडे बघून प्रवचन करताना त्यांची वाक्यं मध्येच तुटायची. "पीटरभाऊ, कोणी ऐकतंय की नाही तेच कळत नाही हो!"

एका रविवारी देवळ्याहून फिलोमावशींचा फोन आला. लेकीकडे गेल्या होत्या आणि तिथेच अडकल्या. म्हणाल्या, "फादर, आजच्या प्रवचनाला डोळ्यांना नुसती धार लागली!"

फादर आठवडाभर खुशीत. दोन वेळा जेवले. पुढच्या प्रवचनाची तर त्यांनी वहीत लिहून तयारी केली.

पुढच्या आठवड्यात मावशींचा पुन्हा फोन. "फादर, एक विचारायचं होतं. मिस्सा चालू असताना कांदा चिरला तर चालतो ना? इथं घर मोठं, रोज पाच किलो लागतो."

फादरांनी वही मिटली. मग त्यांनी विचारलं, "उभं राहायच्या वेळी उभ्या राहता ना?"

"राहते की! ताट हातात घेऊन."

*

रिकाम्या बाकांवर फादरांनीच तोडगा काढला. प्रत्येकाने आपला फोटो पाठवायचा, मी प्रिंट काढून बाकांवर चिकटवायचा, म्हणजे समोर निदान चेहरे तरी दिसतील.

फोटो आले. काहींनी आधार कार्डाची झेरॉक्स पाठवली. एकाने लग्नातला पाठवला, त्यात बायको अर्धीच कापलेली. बायकोने स्वतःचा वेगळा पाठवला, त्यात नवरा पूर्णच कापलेला. अंतोनकाका आढावांनी सापुताऱ्याचा पाठवला. मोटारसायकलवर, काळा गॉगल लावून.

आता कोणाला कुठे बसवायचं? मी क्लार्क माणूस. हजेरीपटासारखी आडनावांची यादी केली आणि त्या क्रमाने चिकटवत गेलो. मोबाईल बाजूला लावला, म्हणजे घरी फादरही दिसतील आणि बाकही. आढाव पहिल्या बाकावर आले. अंतोनकाका जन्मभर शेवटच्या बाकावर, दाराजवळच्या पंख्याखाली बसले होते आणि ख्रिस्तप्रसाद घेतला की परस्पर घरी जायचे. आता ते पहिल्या बाकावर, गॉगल लावून, शेवटच्या आशीर्वादापर्यंत! "आयुष्यात पहिल्यांदाच पूर्ण मिस्सा झाली माझी," काका फोनवर म्हणाले.

सगळं झकास जमलं होतं. रविवारी मिस्सा संपली आणि माझा फोन वाजला. रोझीताई.

"पीटर, तुला अक्कल हाय का? मला तिच्या शेजारी बसवलं?"

मी यादी पाहिली. साळवे मार्था, साळवे रोझी. क्रम अगदी बरोबर होता!

*

हे जरा सांगायला हवं. मार्थाताई थोरली जाऊ, रोझीताई धाकटी. दोघी सत्तरीच्या, दोघी विधवा, दोघींची घरं एकाच गल्लीत. आणि अकरा वर्षं एकमेकींशी बोलणं नाही.

कारण जपमाळ. त्यांच्या सासूबाईंची, तपकिरी लाकडी मण्यांची. एक मणी फुटला होता तेव्हा सासूबाईंनी त्या जागी स्वतःच्या मंगळसूत्रातला काळा मणी ओवला होता. ही माळ त्यांनी रोझीताईंना देईन म्हणून सांगितलं होतं. पण सासूबाई गेल्या त्या दिवशी आपल्या रिवाजाप्रमाणे मयताच्या बोटांत जपमाळ गुंडाळायची वेळ आली, तेव्हा मार्थाताईंनी सगळ्यांसमोर माळ गुंडाळली आणि पेटी बंद करायला सांगितली. मी तिथेच मेणबत्ती धरून उभा होतो. रोझीताई मागून म्हणाल्या, "ती माझी हाय." पेटी बंद झाली होती.

तेव्हापासून मार्थाताई डावीकडे तिसऱ्या बाकावर आणि रोझीताई उजवीकडे अगदी मागे. मिस्सेत "एकमेकांना शांती द्या" म्हटलं की शेजारच्याला नमस्कार करावा लागतो ना, म्हणून एवढी लांबची सोय.

आणि मी त्यांना मांडीला मांडी लावून चिकटवलं होतं!

फादरांना विचारलं. ते म्हणाले, "एकाला हलवलं तर सगळेच जागा बदलून मागतील." तेही खरंच होतं. अंतोनकाका सोडून सगळ्यांचे फोन येऊन गेले होते.

फोटो तसेच राहिले.

*

थोडी ढील मिळाली तेव्हा फादरांनी शाळेच्या मैदानावर पापनिवेदन ठेवलं. फादर खुर्चीत, समोर सहा फुटांवर चुन्याचं वर्तुळ. वर्तुळात उभं राहून पापं सांगायची, बाकीच्यांनी लांब रांगेत थांबायचं.

अंतोनकाकांना कमी ऐकू येतं. ते वर्तुळात उभे राहून गर्जले, "फादर, लॉकडाऊनभर पत्ते खेळलो! आणि लबाडी केली!"

फादर हळूच काहीतरी बोलले.

"काय? मोठ्यानं!"

फादरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि नाइलाजाने प्रायश्चित्त ओरडून सांगितलं, "पाच वेळा नमो मरिया म्हणा!"

रांगेत कुजबुज सुरू झाली. पुढचे गृहस्थ मला म्हणाले, "पत्त्यांना पाच? मला तेवढ्यालाच दहा दिले होते. आज आपला रेट काय ते आधी विचारून घे."

त्यांच्यानंतर मार्थाताई गेल्या. त्यांचा आवाज कोणालाच ऐकू आला नाही, पण बराच वेळ लागला. परत आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. मला म्हणाल्या, "पीटर, एखादी रिकामी डबी असेल का रे?"

मी धुपाची एक डबी दिली. मला वाटलं, गोळ्या ठेवायला हवी असेल.

*

मग चर्च उघडलं. मोजकी माणसं, नाव नोंदवून. दाराशी आमचं पवित्र पाण्याचं दगडी भांडं असतं. आत येताना त्यात बोटं बुडवून क्रुसाची खूण करायची, ही लहानपणापासूनची सवय. ते भांडं कोरडं करून मी त्यात सॅनिटायझरची बाटली ठेवली.

पहिल्याच माणसाने बाटली दाबली, बोटांवर सॅनिटायझर घेतलं, कपाळाला लावलं, छातीला लावलं, दोन्ही खांद्यांना लावलं आणि डोकं झुकवून आत गेला. दुसऱ्याने तेच. तिसऱ्याने तेच. फिलोमावशींनी तर डोळ्यांनाही लावलं. त्या दिवशी कांदा नव्हता, तरी धार लागली!

मी पाटी लावली : "हे पवित्र पाणी नाही." माणसं पाटी वाचायची, मान डोलवायची आणि क्रुसाची खूण करायची.

फादर म्हणाले, "राहू द्या पीटरभाऊ. भक्ती आणि आरोग्य एकाच बाटलीत जातंय."

फक्त रोझीताई त्या बाटलीला हात लावायच्या नाहीत. त्यांची स्वतःची असायची, पर्समध्ये. त्यांचा चर्चवर विश्वास होता, पण माझ्यावर नव्हता.

*

दुसरी लाट आली तेव्हा पुन्हा कुलूप. मी पुन्हा फोटो चिकटवले. यादी तीच.

या वेळचे फार किस्से नाहीत. सकाळी फोन वाजला की मी घ्यायला घाबरायचो. अंतोनकाका गेले. दफनाला आम्ही चौघंच होतो. त्यांचा फोटो काढायचा की ठेवायचा हे मला कोणी सांगितलं नाही. मी ठेवला. पहिल्या बाकावर, गॉगलसकट. मिस्सा चालू असताना तिकडे बघायचं मी टाळायचो.

त्यातच मार्थाताईंना ताप आला. मुलगा पुण्यात अडकलेला, म्हणून पॅरिशचा डबा मी नेऊन द्यायचो. तिसऱ्या दिवशी बोटाला मशीन लावून बघितलं आणि मीच ॲम्ब्युलन्स बोलावली. निघताना मार्थाताईंनी कंपाउंडच्या भिंतीवर धुपाची ती डबी ठेवली आणि चार पावलं मागे सरकल्या.

"रोझीला दे," त्यांना दम लागत होता. "बोलू नको काही."

मी डबी सॅनिटायझरने पुसली आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेलो. रोझीताईंच्या गेटवर ठेवली, चार पावलं मागे सरकलो.

त्यांनी उघडली. तपकिरी मण्यांची माळ. त्यात एक काळा मणी.

पेटीत मग कुठली माळ गेली होती, आणि ही अकरा वर्षं कुठे होती, हे मला विचारू नका. मी फक्त मेणबत्ती धरून उभा होतो.

रोझीताईंनी माळ बाहेर काढली. एकेक मणी बोटांनी मोजत गेल्या, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. मी उन्हात उभा. मग त्यांनी माळ पुन्हा डबीत ठेवली, झाकण लावलं आणि डबी गेटवर परत ठेवली.

"ही काय पोस्टानं घ्यायची वस्तू हाय? नाय घेत मी. तिला म्हणावं, स्वतः येऊन दे."

"ताई, त्यांना ऑक्सिजन लावलाय."

"मग काढल्यावर येऊ दे!"

दवाखान्यातल्या सिस्टरने फोन मार्थाताईंच्या कानाशी धरला. मी निरोप सांगितला. मास्कमधून नुसता श्वास ऐकू येत होता. मग आवाज आला, "हट्टी आहे मेली."

डबी मी वेदीमागच्या कपाटात ठेवली.

*

पुढच्या रविवारी ऑनलाइन मिस्सा चालू होती. प्रवचन ऐन रंगात आलेलं आणि माझा खिशातला फोन थरथरला. रोझीताई.

"पीटर! बाईंचा फोटो खाली पडलाय!"

अकरा वर्षांत थोरल्या जावेसाठी त्यांच्या तोंडून मी "बाई" हा शब्द ऐकला नव्हता.

"मिस्सा झाली की लावतो, ताई."

"आत्ता लाव! असा पालथा पडलेला बरा दिसतो का?"

फादरांचं प्रवचन चालू असताना मी कॅमेऱ्यासमोरून ओणवा होत गेलो, फोटो उचलला आणि चिकटवायला लागलो. चिकटपट्टीचा गोंद सुकला होता. दोनदा लावला, दोनदा पडला. सगळी पॅरिश बघत होती. शेवटी मी तो शेजारच्या फोटोला टेकवून उभा केला. शेजारचा म्हणजे यादीप्रमाणे जो होता तो.

फोन बंद झाला नव्हता. रोझीताई म्हणाल्या, "हां. आता राहील."

*

मार्थाताई अठरा दिवसांनी घरी आल्या, पण गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालवत नव्हतं. चर्च उघडलं ते त्यानंतर कितीतरी महिन्यांनी, दोन डोस घेतलेल्यांसाठी. मी बाकांवर लाल चिकटपट्टीने फुल्या मारल्या होत्या. एका बाकावर दोघं, दोन टोकांना. फुलीवर कोणाला बसू द्यायचं नाही, हे माझं काम. पहिल्या बाकावर फोटो एकच ठेवला होता. तो हलवायला कोणी सांगितलं नाही.

रोझीताई उजवीकडे मागे, मोकळ्या बाकावर एकट्या बसल्या. मार्थाताई काठी टेकत उशिरा आल्या, आधी वेदीमागच्या खोलीत आल्या आणि हात पुढे केला. मी कपाटातून डबी काढून दिली. त्या डावीकडे तिसऱ्या बाकावर जाऊन बसल्या.

मिस्सा पुढे सरकत होती. मी एक उत्तर विसरलो. आता उत्तर द्यायला बाकांवर माणसं होती, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

फादर म्हणाले, "एकमेकांना शांती द्या. जागेवरूनच, फक्त हात जोडून."

मार्थाताई उठल्या. काठी टेकत मधल्या वाटेने मागे चालू लागल्या. सगळ्यांचे हात जोडलेले आणि माना वळलेल्या. त्या शेवटच्या बाकाशी पोहोचल्या, डबी उघडली आणि माळ रोझीताईंच्या ओंजळीत ठेवली.

रोझीताईंनी माळ मांडीवर ठेवली. पर्समधून आपली बाटली काढली. माळेवर दोनदा सॅनिटायझर मारलं. मग मार्थाताईंचे दोन्ही हात धरून त्यांच्यावरही दोनदा मारलं आणि पदराने पुसून काढले.

"दमल्या असाल, बाई. बसा."

आणि त्या बाकावर सरकल्या. मार्थाताई बसल्या, बरोबर फुलीवर.

फादरांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

मी वेदीकडे गेलो आणि डावीकडची मेणबत्ती सरळ केली. ती सरळच होती.