सिस्टरांनी ओळखलेला रंग

वॉर्डात आल्यावर शेवंता सिस्टर पेशंटच्या तोंडाकडे आधी बघतच नसत. खाली वाकून खाटेला लटकवलेल्या ड्रेनच्या पिशवीकडे बघत. ऑपरेशननंतर पोटातून नळीवाटे पिशवीत काय उतरतंय, त्यावरून त्या तब्येत सांगत. "तोंडानं मानूस खोटं बोलतो गं. पोटाला ते जमत न्हाई," म्हणायच्या.

त्या मूळच्या पारनेरकडच्या, राहायला सावेडीत. सर्जरी वॉर्डात मी बारा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. चार्टवर अंदाजानं लिहिलेलं दिसलं, की सगळ्यांसमोर झापत. "दिसलं ते लिही. वाटलं ते घरी जाऊन सांग." आणि त्याच दुपारी आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या भाकरीवर वाढत.

गेल्या वर्षी त्यांच्याच मोठ्या आतड्यात गाठ निघाली. उजव्या बाजूला, यकृताच्या अगदी खाली. ऑपरेशन आमच्याकडेच झालं आणि चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांची पिशवी रिकामी केली, तर नेहमीच्या लालसर पाण्यात हिरवट झाक होती. आतड्याच्या ऑपरेशननंतर कधीतरी पित्त गळतं, हे मी नुसतं ऐकलेलं. सिस्टरांच्या बाबतीत तर ते मला बघायचंच नव्हतं. त्यांचा डोळा लागला होता. मी चार्टवर 'लालसर' लिहिलं आणि घरी गेले.

सकाळी आले, तर त्या कशाबशा कुशीवर होऊन पिशवीकडेच बघत होत्या.

"पित्त हाय हे. डॉक्टरांना बोलव."

डॉक्टरांचाही क्षणभर विश्वास बसेना. "सिस्टर, हे फार क्वचित होतं."

"क्वचित म्हंजे कुनाला तरी व्हतंच की," त्या म्हणाल्या.

त्यांना पुण्याला हलवलं. तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत स्टेंट बसवला. गळती कमी झाली, पण तोवर पोटात जंतुसंसर्ग पसरला होता. ताप उतरेना.

रविवारी मी भेटायला गेले. गाल आत गेले होते, डोळे पिवळे. मला राहवलं नाही. "सिस्टर, मला आदल्या संध्याकाळीच दिसलं होतं."

"ठावं हाय. चार्ट वाचला मी."

"मग रागवा ना मला!"

त्यांना बोलताना धाप लागत होती. "खाटंवर तू असतीस, तर माझ्या बी हातनं तेच झालं असतं." मग दम घेऊन म्हणाल्या, "अन् चूकच असती ती."

मला त्यांनी खाटेवर बसवून घेतलं. भेटायची वेळ संपेपर्यंत माझा हात सोडला नाही.

तीन दिवसांनी त्या गेल्या.

एका संध्याकाळच्या उशिरानं काही फरक पडला नसता, असं आमचे डॉक्टर मला दोनदा म्हणाले. मी मान हलवली. खरंही असेल ते. पण मला बरं वाटावं म्हणून जी बाई कधीच खोटं बोलली नसती, तिलाच हे विचारायचं राहून गेलं.