शनीच्या बाई

आमच्या भूगोलाच्या बाई ग्रह शिकवायला लागल्या की वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायच्या आणि आम्हाला डोळे मिटायला सांगायच्या. "चला, चंद्रावर उतरलो. आता शेजारणीला हाक मारा. मारली? तिला ऐकू गेली नाही. इथं हवाच नाही, हाक जाणार कशातून?" अंबडच्या मुलींच्या शाळेत, भरदिवसा, आख्खा वर्ग चिडीचूप. शेजारी मैत्रीण खरंच बसली आहे ना, म्हणून मी तिची वेणी चाचपून बघायची.

शनीवर नेऊन तर त्या आम्हाला सोडूनच द्यायच्या. "इथं पाय टेकायला जमीन नाही. नुसता वायू. पडायचं, पडतच राहायचं. खाली जाल तसा अंधार वाढणार." एकदा एक पोर रडायला लागली, तर म्हणाल्या, "रडू नकोस, कडी धर." आणि लगेच, "पण तीही धरता येत नाहीत. बर्फाचे सुटे तुकडे आहेत ते." समजूत काढण्याची ही त्यांची तऱ्हा! पाठीमागे आम्ही त्यांना शनीच्या बाई म्हणायचो. समोर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

विचारलं तेवढंच सांगायचं, हा त्यांचा खाक्या. "न विचारलेलं सांगायला मी काय ज्योतिषी आहे?" असं म्हणून त्या खडू खाली ठेवत.

एक्याऐंशी साली एक यान शनीजवळून गेलं. त्यानं पाठवलेला फोटो साप्ताहिकात आला, तो बाईंनी पुठ्ठ्यावर चिकटवून व्हरांड्यात टांगला. नंतरच्या एका शनिवारी येऊन बघतो तर फोटोवरून तेलाचे ओघळ, खाली काळे उडीद आणि रुईच्या पानांची माळ. शिपाई शपथेवर सांगत होता, फाटकाला कुलूप होतं. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. तेल मुरून कागद काळवंडला, आणि कडी तेवढी उजळ दिसू लागली. आम्ही त्या भिंतीकडे न बघता वर्गात शिरायचो.

शेवटी एका शनिवारी बाई लवकर येऊन बसल्या. वर्ग झाडायची पाळी होती म्हणून आम्ही दोघी-तिघीही होतो. पडक्या कुंपणातून आली ती शाळेमागं राहणारी गयाबाई. तिचा मुलगा शहागडच्या एका ट्रकवर क्लीनर होता. ट्रक परत आला, तो आला नाही. साडेसाती आहे, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं.

"गयाबाई, शनीचं देऊळ आहे की गावात."

"तिथं दगड हाय बाई. ह्यो त्याचा खरा फोटू. तिथूनच आल्ता ना?"

"हो, तिथूनच."

"मंग यवढ्या लांबून फोटू आला, तर हितून माझं बोलनं न्हाई का जानार?"

बाईंनी डोळे मिटले. "रेडिओच्या लहरींवर घातलं तर जातं. सव्वा-दीड तास लागतो."

"आन् माघारी यायला?"

"तेवढाच."

तेव्हापासून गयाबाई तेल वाहायची, पुटपुटायची आणि खांबाला टेकून बसायची. शनिवारची शाळा सकाळची. शाळा सुटेपर्यंत ती पापणी न हलवता बसलेली असे. मग उठून बाईंना सांगायची, "आज न्हाई आलं," आणि जायची. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तो फोटो काढा. बाई म्हणाल्या, "तो भूगोलाचा तक्ता आहे." शनिवारी मात्र त्या अगदी हळू आवाजात शिकवायच्या. मला त्यांचा संताप यायचा. सरळ सांगून टाकायचं त्या बाईला!

असे बरेच महिने गेले. एका शनिवारी तास चालू असताना गयाबाई दारात येऊन उभी राहिली.

"बाई, आलं."

"काय आलं?"

"नको बसत जाऊ माय, म्हनला. बिलकुल माझ्या लेकाचाच आवाज."

तिनं तेलाची बाटली पदराखाली घेतली आणि ती निघून गेली. ती पुन्हा आली नाही. तिचा मुलगाही कधी आला नाही. चुकलेलं उत्तर जागच्या जागी दुरुस्त करणाऱ्या आमच्या बाईंनी त्या दिवशी नुसता खडू खाली ठेवला.

पुढं मीही भूगोलच शिकवू लागले. बाई निवृत्त झाल्या तेव्हा भेटायला गेले आणि इतक्या वर्षांचं मनातलं बोलले, "तिथं ऐकायला कुणी नाही, हे तुम्ही तिला का नाही सांगितलंत?"

"तिनं विचारलं नाही," बाई नेहमीच्याच सुरात म्हणाल्या. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी उठले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. हात गार होता.

"त्या दिवशी तुम्हा पोरींना काही ऐकू आलं होतं का गं?"

"नाही, बाई."

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. "आणि मी तर दर शनिवारी तिच्याइतकेच कान लावून होते."