आक्कांचं विमान आणि हुपरीचा काटा

१९ मे. सकाळपासून कडक ऊन, दुपारी पन्हाळ्याच्या बाजूला ढग. मंगळवार पेठेत माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. इंधन महागलं की विमानाचं भाडं वाढतं, आणि भाडं वाढलं की किस्से वाढतात! मी ऐकले तसे टिपून ठेवतो. या महिन्यात वही पंधरवड्यातच संपली.

*

हुपरीचे तात्या चांदीचे पैंजण करतात. आईला, म्हणजे आक्कांना, विमानानं तिरुपतीला न्यायचं कबूल करून बसलेले. आक्का अठ्ठ्याहत्तरच्या, गुडघे गेलेले. पण तात्या पडले चांदीवाले! रोज सकाळी फोन, "आज काय भाव?"

"वाढलाय, तात्या."

"मग थांबूया. उतरंल की!"

चार दिवस थांबले. चारी दिवस वाढला!

*

पाचव्या दिवशी म्हणाले, "बांधा भाव! दोन शिटा." आणि फोन ठेवला. चांदीत तोंडी भाव बांधला की बांधला. संध्याकाळी निवांत आले, तोवर भाडं आणखी वर.

"अवो, सकाळी जबान दिलती की मी!"

"मला दिलीत. विमानाला कुठं दिलीत?"

*

शेजारी ऊसवाले आप्पा बसलेले. "त्याल कशाला पायजे? आमच्या उसाच्या इथेनॉलवर उडवा की इमान!"

मी म्हटलं, "तसले प्रयत्न चाललेत, आप्पा."

आप्पा ताडकन उठले. "मग खिडकीची शीट ऊसवाल्याला राखीव!"

*

मग बातमी आली, फेऱ्याच कमी होणार! तात्या आक्कांना घेऊन धावत आले. परवडेल अशी एकच शीट उरली होती.

"ऱ्हाऊ दे आई, पुढल्या साली जोडीनं जाऊ."

"पुढल्या साली इमान हाय का न्हाय, आन् मी तरी हाय का? माझं नाव घाल रं! ह्यो ईल मागनं रेल्वेनं."

*

सामानाला पंधरा किलोची मर्यादा. तात्यांनी बॅग घरच्या काट्यावर तोलली, बरोबर पंधरा. विमानतळावर भरली चौदा किलो नऊशे! आक्कांनी रांग थांबवली, काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या,

"पोरी, शंभर ग्रॅम कमी दाखवतोय तुझा काटा."

"आज्जी, तुमचाच फायदा आहे की!"

"असं शंभर-शंभर ग्रॅम फुकट चढवतासा, मग त्याल पुरंल कसं?"

मागं रांग वाढली. आक्का एकदम थांबल्या. रिक्षात बॅगेतून काढलेली पानाची चंची कमरेला होती. ती सोडून बॅगेवर ठेवली.

पंधरा किलो.

आक्का दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी तिरुपतीला उतरल्या. तात्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ चाळीसला.