क्रॅबट्रीबाईंचा चेहरा

विनी, उगाच नाक मुरडू नकोस. तुझ्याबद्दल लिहू का असं विचारलं असतं, तर तू नाहीच म्हणाली असतीस. म्हणून न विचारताच तुला ‘ती’ करून टाकते आणि सांगते.

विनिफ्रेड ॲक्रॉइड आमच्या यॉर्कशायरच्या गिरणीगावात मुलींना चित्रकला शिकवायची. त्याचा तिला मनापासून कंटाळा. वर्गात एका जागी उभं राहवायचं नाही. खिडकी ते फळा, फळा ते खिडकी. तिला माणसांचे चेहरे रंगवून त्यावर पोट भरायचं होतं. मुख्याध्यापिका क्रॅबट्रीबाई निवृत्त व्हायच्या होत्या, तेव्हा शाळेच्या मंडळाने त्यांचं तैलचित्र विनीला काढायला सांगितलं. हे साधलं की गिरणीमालक आपली चित्रं काढून घ्यायला दारात येणार, शाळा सुटणार!

बाईंचा शाळेतला काळा झगा रंगवून झाला. हात तर असे उतरले की आत्ता खडू उचलतील. चेहरा मात्र ठरेना. तिची रीतच तशी: मनासारखं नसेल तर रंग ओला आहे तोवर, संध्याकाळीच, सुरीने खरवडायचा. क्रॅबट्रीबाई रोज चित्रासाठी बसायला येऊन विचारायच्या, “काय गं, काल नाक होतं का मला?”

“होतं. पण तुमचं नव्हतं.”

“अगं, निरोपसमारंभात नुसता झगाच टांगणार आहेस का?”

“हलू नका हो. बोललात की हनुवटी पळते.”

एका गुरुवारी चेहरा जमला. शेजारच्या वर्गात मी भूगोल शिकवायचे. मी स्वतः पाहिला. ओठ दाबून हसू आवरायची बाईंची सवयसुद्धा त्यात आली होती.

“आता हात लावशील तर बघ,” मी बजावलं.

“डावा डोळा खोटा आहे,” ती म्हणाली आणि खरवडून मोकळी झाली.

शुक्रवारी सकाळी बाई चहा घेता घेता गेल्या.

मंडळ म्हणालं, फोटोवरून करा. “फोटोत त्या फोटोवाल्याला कंटाळल्यात,” असं सांगून विनीने ब्रश धुऊन ठेवले. मग स्वतःच्या निवृत्तीपर्यंत खिडकी ते फळा.

चित्रासाठी सांगितलेली सोनेरी चौकट मात्र ब्रॅडफर्डला तयार होऊन पडली होती. फ्रेमवाल्याचे निरोपावर निरोप. मी म्हणायचे, “चल गं, शनिवारची बस धरू. एकटीला उचलवणार नाही ती.”

“या शनिवारी नको. सर्दी झालीय.”

“मग पुढच्या?”

“बघू.”

फ्रेमवाल्याने दुकान विकलं, तरी आम्ही गेलो नव्हतो.