कृष्णराजचं तोंड स्वच्छ होतं

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. उलट भुतं हा माझा धंदा आहे म्हणा ना... मी सिरियलचे एपिसोड लिहिते. राहते मुलुंडला, शूटिंग अंधेरीच्या एका स्टुडिओत. सेटवर नारळ फोडतात, लिंबू-मिरची बांधतात. मी मागे उभी राहून प्रसाद तेवढा खाते. म्हणून हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

आमच्या सिरियलमध्ये एक व्हॅम्पायर आहे – कृष्णराज. शेकडो वर्षं माणसांचं रक्त पिऊन जगलेला. तो माई नावाच्या म्हातारीकडे भाड्याने राहायला येतो आणि तिच्या मायेपोटी रक्त पिणं सोडतो. तलफ आली की माई त्याला कोकम सरबत देते. हे मीच लिहिलं होतं, आणि खरं सांगते, लिहिताना हसत होते.

माझा धाकटा भाऊ मिलिंद मात्र हसला नाही. त्याने गणपतीनंतर दारू सोडली होती. घाटकोपरला एकटाच राहतो. एपिसोड संपला की त्याचा फोन ठरलेला – "ताई, आज पण नाही प्यायला तुझा राजा! मी पण नाही. कोकमची बाटली आणून ठेवलीय." मी "छान रे" म्हणायचे. पण त्याने याआधीही सोडली होती आणि परत धरली होती. माझा त्याच्यावर विश्वास नव्हता, आता लपवून काय करू?

मग आमचे टीआरपीचे आकडे पडले. मीटिंगमध्ये ठरलं की कृष्णराजने माईलाच चावून मारायचं. मी वाद घातला नाही. "राक्षस कधी बदलतो का?" हे वाक्य माझंच. सगळ्यांना इतकं आवडलं की ते संवादातही गेलं.

सीन भर दुपारी झाला. कृष्णराजचं काम करणारा अनिकेत झकास चावला. आता आमच्याकडे एक पद्धत आहे – मरणाचा सीन झाला की मेलेल्या नटाने कॅमेऱ्यात बघून हसायचं, म्हणजे मरण सीनपुरतंच राहतं. त्याप्रमाणे माई झालेल्या सुमनताई उठून कॅमेऱ्यासमोर बसल्या. तेव्हा अनिकेत माझ्याबरोबर मेकअप रूममध्ये चूळ भरत होता, हनुवटीपर्यंत लाल.

"मॅडम, माझं पण हसणं घ्या ना यार," तो म्हणाला. "आज चांगला झालेला कृष्णराज पण मेला."

"नाटकं करू नकोस, तोंड धू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या एडिटरने, नीलेशने, बोलावून घेतलं. सुमनताईंच्या हसण्याची क्लिप लावली. त्या हसतायत... आणि मागे दाराशी कृष्णराज उभा! तेच कपडे. हात जोडलेले. तोंड मात्र स्वच्छ, लालसर ठिपकासुद्धा नाही. मी नेहमी कॅमेऱ्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसते, तिकडे त्याने पाहिलं आणि हळूच मान हलवली. नाही... नाही...

"अनिकेत असेल," मी म्हटलं.

"तो तर तुमच्याबरोबर होता ना? तुम्ही आतून ओरडून टॉवेल मागवलात, ते क्लिपमध्ये ऐकू येतंय." नीलेशचा आवाज बसला होता. "सुमनताई म्हणतात, मागे कोणीच नव्हतं. मॅडम, टेलिकास्टला वेळ आहे अजून. सीन बदलता येईल."

बदलता आला असता. तेच मला आज खातंय. अंगावर काटा आला होता, तरी पहिली भीती वाटली ती मीटिंगमधल्या लोकांची.

"उडव ते," मी म्हटलं. त्याने क्लिप उडवली.

एपिसोड लागला त्या संध्याकाळी मिलिंदचा फोन जरा उशिराच आला.

"ताई, प्यायला लावलंस त्याला?"

"अरे, सिरियल आहे ती!"

"तो आपणहून प्यायला नसता गं."

क्लिपचं आम्ही त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

"माझ्याबद्दल पण तुला तसंच वाटतं ना?" त्याने विचारलं. "राक्षस कधी बदलतो का?"

पोटापाण्यासाठी संवाद लिहिणारी मी... माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याने फोन ठेवला.

मिलिंद अजून प्यायलेला नाही. रविवारी येतो, येताना मासे आणतो, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. फक्त "आज पण नाही" असं सांगायला आता फोन करत नाही, आणि मला विचारायचं तोंड नाही. क्लिप गेली, त्यामुळे दाखवायला काही उरलेलं नाही. दाराशी कोण उभं होतं, हे मला आजही कळलेलं नाही. पण त्याने नुसती मान हलवून जे 'नाही' सांगितलं, ते मला माझ्या सख्ख्या भावाला सांगता आलं नाही.