पाठमोरी खुर्ची

सुगनशेठ गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. त्यांचा मुलगा राजेश एवढंच म्हणाला, "बाई, बाबूजी सकाळी गेले. आई म्हणाली, वाघमारे बाईंना आधी कळव." मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. अशा वेळी माणसं काय काय करतात... मी मेथी निवडली. मग साडी बदलून रिक्षाने मस्तगडला गेले.

पुढे दुखवट्याच्या बैठकीला गेले तेव्हा त्यांच्या सुनेने पाणी आणून दिलं. स्टीलचा पेला, काठाखाली मशीनने टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं : 'मनीषा, विजयी संघ, जालना.' शेजारच्या बाईंच्या हातातल्या पेल्यावर 'शबाना, विजयी संघ, जालना' होतं. त्यांनी तो फिरवून फिरवून वाचला आणि मला हळूच विचारलं, "ह्या दोघी घरातल्या कोण?" मी म्हटलं, घरातल्या नाहीत, आणि त्या विजयीही नव्हत्या. बैठकीत याहून जास्त सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मस्तगडात शेठजींचं भांड्यांचं दुकान होतं. घराणं राजस्थानचं, पण तीन पिढ्या जालन्यातच मुरलेल्या. मी केदारखेड्याची, मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला म्हणून शहरात आले. आमची गाठ पडली ती बेसबॉलमुळे, आणि त्या खेळात मला तेव्हा काडीचाही रस नव्हता. शाळेचा बेसबॉलचा संघ होता. मुली परगावी खेळायला निघाल्या की सोबत एक बाई हवीच, असा नियम होता. मला लहान मूल नव्हतं आणि गाडी लागत नव्हती, एवढ्या पात्रतेवर हेडमास्तरांनी माझी नेमणूक केली. खेळ मला पहिली दोन वर्षं कळला नाही. चेंडू मारायचा, तीन बेसला, म्हणजे जमिनीवर मांडलेल्या चौकोनांना, पाय लावत पळायचं आणि निघालो तिथे, म्हणजे 'होम'ला, परत यायचं. परत आलं की एक रन. तीन जणी आउट झाल्या की डाव संपला. एवढ्यासाठी पोरी गुडघे फोडून घ्यायच्या.

शेठजी पहिल्यांदा मैदानावर आले ते पोरीवर लक्ष ठेवायला. त्यांची संगीता आमच्या संघात होती. पोरगी कपडे काय घालते, घरी किती वाजता परत येते, याची चौकशी करायला म्हणून हे गृहस्थ पांढऱ्या सदऱ्यात, हातात घडीची लोखंडी खुर्ची घेऊन आले. महिनाभरात पंचाशी भांडायला लागले. पुढे संगीता लग्न होऊन अकोल्याला गेली, पण बाप मैदानावरच राहिला. दुकान राजेशवर टाकून रोज संध्याकाळी सरावाला हजर. भाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला म्हणायच्या, "बाई, पर्युषणात करत न्हाईत तेवढे उपास हे तुमच्या पोरींपायी करून राह्यले." खरंच होतं ते. सूर्य मावळल्यावर ते काही खायचे नाहीत, आणि संघ हरला की त्याच्या आधीही खायचे नाहीत. आमचा संघ बऱ्यापैकी नियमाने हरायचा. शेठजी बारीकच राहिले.

आता त्या पेल्यांचं सांगते. एका वर्षी आमचा संघ खरोखर चांगला जमून आला होता. विभागीय स्पर्धा जालन्यातच होती आणि आम्ही फायनलला गेलो. समोर दरवर्षी आम्हाला हरवणारा मोठ्या शहराचा संघ. तो हरला तर आम्ही राज्याच्या स्पर्धेला जाणार, जिथे जालन्याच्या मुली कधीच गेल्या नव्हत्या. शेठजींना विजयाची इतकी खात्री होती, की त्यांनी आदल्या दिवशी दुकानात बसून स्वतःच्या हाताने एकेका पेल्यावर एकेका मुलीचं नाव घातलं. लग्नात द्यायच्या भांड्यांवर घालतात तसंच. खाली 'विजयी संघ, जालना'. दुसऱ्या दिवशी पेल्यांचं खोकं मैदानावर आणलं आणि शेवटची इनिंग सुरू झाली तेव्हा ते उघडून पेले बाकावर ओळीने मांडूनही ठेवले. मी म्हटलं, "शेठजी, अजून संपलं नाही." ते म्हणाले, "आता काय ऱ्हायलंय बाई?"

आम्ही एका रनने पुढे होतो. समोरच्यांच्या दोघी आउट, दोघी बेसवर. चेंडू सरळ मनीषाकडे घरंगळत आला. मनीषा म्हणजे आमची सगळ्यात भरवशाची मुलगी. बाप रोलिंग मिलमध्ये, आई बियाण्याच्या कंपनीत दाणे निवडायला. तिने चेंडू उचलला, पहिल्या बेसकडे फेकला, तिथे वेळेत पोहोचला असता तर तिसरी आउट होती, आणि तो पकडणारीच्या डोक्यावरून गेला. तो कुंपणाला लागून परत येईपर्यंत समोरच्या दोघीही होमला पोहोचल्या होत्या. आम्ही हरलो. पोरी रडत बाकाकडे आल्या आणि तिथे त्यांच्या नावाचे पेले उन्हात चमकत होते. शेठजींचा चेहरा मी त्या दिवशी नीट पाहिला नाही, पाहवलाच नाही. मनीषा मात्र डोळे पुसत पुढे आली आणि म्हणाली, "शेठजी, माझा पेला द्या ना." ते पेले खोक्यात भरत होते. म्हणाले, "आता न्हाई बेटा. जिंकल्यावर देतो. बिलकुल देतो." त्यानंतर मनीषाची दहावी झाली, शाळा सुटली आणि पेले शेठजींच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले.

तेव्हापासून शेठजींनी डोक्यात घेतलं, की आपण पाहिलं म्हणून पोरी हरल्या. मी पुष्कळ समजावलं. मी मराठीची शिक्षिका, समजावणं हा माझा धंदाच, पण त्यांच्यापुढे काही चाललं नाही. मॅच सगळी बघायची, पण शेवटची इनिंग लागली की उठायचं, खुर्ची फिरवायची आणि मैदानाकडे पाठ करून बसायचं, हे ठरून गेलं. मग काय चाललंय ते सांगायचं कोणी? मी. "बाई, समोर उभ्या राहा. बाजूला न्हाई, समोर. बराबर ऐकू येत न्हाई." मी त्यांच्या समोर उभी राहून त्यांच्या डोक्यावरून मैदान पाहायची आणि सांगायची : पिचर तयार आहे, चेंडू टाकला, मारला, शबाना पळते आहे... माझा घसा बसायचा. वर्गात इतकं बोलले असते तर मुलींचं व्याकरण सुधारलं असतं. या कामामुळे खेळ मात्र मला शिकावा लागला. न कळणाऱ्या गोष्टीचं वर्णन किती दिवस करणार?

एक गोष्ट मला तेव्हाही खटकायची. मी 'आउट' म्हणायच्या आतच शेठजी म्हणायचे, "गेलं." दरवेळी. मी तोंड उघडते न उघडते तोच, "गेलं." मी एकदा चिडून विचारलं, "तुम्हाला आधीच कळतं तर मला कशाला उभं करता? कसं कळतं तुम्हाला?" ते म्हणाले, "अंदाज हाय बाई." मला वाटायचं, इतक्या वेळा हरलेल्या माणसाने आउटचा अंदाज बांधला तर त्यात नवल काय.

पण जिंकलो त्या वर्षीही तसंच झालं. हो, एकदा जिंकलो आम्ही. मनीषाची तुकडी जाऊन बरीच वर्षं झाली होती, शेठजींचे गुडघे कुरकुरायला लागले होते. पुन्हा फायनल, पुन्हा तोच संघ, बरोबरीत शेवटची इनिंग. आमची मुलगी तिसऱ्या बेसवरून सुटली, होमपाशी घसरली, धुळीचा लोट उठला आणि पंचाचे हात दिसेनात. मी बोलायचंच विसरले. धूळ बसली, पंचाचे हात आडवे पसरलेले दिसले, म्हणजे सेफ. आणि मी काही म्हणायच्या आत शेठजी खुर्चीतून उठून उभे होते. पोरींचा गलका त्यानंतर झाला. त्या संध्याकाळी भांडी वाहायच्या टेम्पोत त्यांनी सगळा संघ घातला, एकेकीच्या हातात दुकानातली नवी परात दिली आणि वाजवत वाजवत मस्तगडातून मिरवणूक काढली. परातींना पोचे आले. शेठजींनी दुकानासमोर बसून, पोरींच्या देखत, नवे पेले कोरले. मी हळूच विचारलं, जुने पेलेही त्या पोरींना देऊन टाकायचे का? ते म्हणाले, "न्हाई. त्यांचं जिंकणं बाकी हाय अजून."

राज्याच्या स्पर्धेत आम्ही पहिल्याच मॅचला बाहेर पडलो. पुढे पुन्हा हरणं सुरू झालं आणि पुन्हा उपास. एकदा राजेशने त्यांना मोबाइलवर अमेरिकेतली मॅच लावून दिली, केवढं मोठं स्टेडियम, केवढी गर्दी. शेठजींनी दोन मिनिटं पाहिलं आणि मोबाइल परत दिला. "चांगलं खेळून राह्यले. पण यात आपलं कोन हाय?" मला ते पटलं. मी निवृत्त झाले, सोबतीला जायचा नियम मला लागू राहिला नाही, तरी मी मैदानावर जात राहिले. घरी मी 'शेठजींना सांगायला कोणीतरी हवं ना' असं म्हणायची.

शेवटचं भेटले ते शेठजी जाण्याच्या थोडे दिवस आधी, दुकानातच. चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत खिचडीसाठी दरवर्षी त्यांच्याकडूनच मोठी पातेली यायची, भाडं न घेता. ती परत करायची राहिली होती. शेठजी गल्ल्यामागे गादीवर टेकून बसले होते, दम लागत होता. पातेल्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. म्हणाले, "यंदा पोरी चांगल्या हायत बाई. मनीषाची पोरगी आली संघात, म्हाईत हाय का? आईपेक्षा हात सरळ हाय तिचा." मला ठाऊक होतं. ऋतुजा तिचं नाव. मग त्यांनी नोकराला सांगून आतून ती घडीची खुर्ची आणवली. "ही घेऊन जा. मला यायला जमलं तर बसंन. न्हाई जमलं तर कुनालाबी बसू द्या. फक्त शेवटच्या इनिंगला पाठ मैदानाकडं." मी म्हटलं, मी कुठे ओझं वाहू. पण घेऊन आले.

बैठकीहून निघताना भाभींनी मनीषाचा पेला धुऊन, कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकला. "तिला देऊन टाका बाई. आता कोन थांबून राह्यलं?" फायनलच्या दिवशी शेठजींच्या खुर्चीसोबत मी तो मैदानावर नेला. मनीषा आली होती, लेकीची मॅच म्हणून कामावरून सुट्टी घेऊन. मी पेला पुढे केला. तिने नावावरून बोट फिरवलं, बराच वेळ पाहिलं आणि परत दिला. "न्हाई बाई. जिंकल्यावर देतो म्हनले होते शेठजी. आज ऋतुजा जिंकली की घेते, मंग माझंबी जिंकनं झालं." मी पेला पिशवीत ठेवला. मला वाटलं होतं मी शांत आहे. पण शेवटची इनिंग लागली, आम्ही एका रनने मागे, दोघी आउट, एक जण तिसऱ्या बेसवर, आणि बॅट घेऊन ऋतुजाच उभी राहिली, तेव्हा माझ्याने बघवेना. मी उठले, खुर्ची फिरवली आणि मैदानाकडे पाठ करून बसले. मनीषाला म्हटलं, "समोर उभी राहा आणि सांग मला."

मनीषा समोर उभी राहिली, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. मी तिच्याकडे पाहत राहिले, दुसरीकडे पाहायला होतंच काय. तिने पदराचं टोक मुठीत धरलं, म्हणजे पिचर तयार. भुवया वर गेल्या, म्हणजे चेंडू सुटला. मागे बॅटचा आवाज झाला आणि तिचं तोंड उघडलं, डोळे वर चढले, चढतच गेले, आभाळात कुठेतरी थांबले आणि हळूहळू खाली यायला लागले. ओठ आधी मिटले. मला सगळं दिसलं, मैदानावर बसून इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं इतकं स्पष्ट. आणि तेव्हा मला शेठजींचा अंदाज कळला. मी घसा फोडून सांगत होते आणि हा माणूस तेवढा वेळ माझ्या तोंडावर मॅच बघत होता. त्यांना व्यवस्थित ऐकू येत होतं. मला राग आला त्यांचा, आणि ते नाहीत याचं इतकं वाईट त्या दिवसापर्यंत वाटलं नव्हतं.

"गेलं," मी म्हणाले.

मनीषाने दचकून माझ्याकडे पाहिलं. मागे चेंडू झेलणाऱ्या संघाचा गलका आत्ता कुठे सुरू होत होता. तिचे डोळे भरले होते तरी तिने विचारलंच, "बाई, मी तर काही बोललेच न्हाई. तुम्हाला कसं कळालं?"

"अंदाज," मी म्हणाले, खुर्ची घडी करून काखेत मारली आणि पेल्याची पिशवी उचलली. "पुढच्या वर्षीही समोरच उभी राहा."